पाणी न पिणाऱ्या बायका

माझ्या आईला पाणी प्यायचंसुद्धा कळत नाही, असं एका डॉक्टरांनी तिला भर शिबिरात सांगितलं, आणि मी ते माझ्या वळणदार अक्षरात वहीत लिहून घेतलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी आजही ताठ मानेनं सांगते, कारण ती पायरी मला कुणी आंदण दिलेली नाही. पण त्या शिक्षणाचा पहिला फटका बसला तो आईलाच, आणि तो मी मारला. हे लिहायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. आता केस पांढरे झाले, आई आठवड्यातून दोनदा दवाखान्याच्या खाटेवर असते, आणि माझा राग काही म्हातारा व्हायला तयार नाही. तेव्हा लिहूनच टाकते.

आम्ही सांगलीत मार्केट यार्डाच्या मागच्या वस्तीत राहायचो. पत्र्याच्या दोन खोल्या, आणि ओळीच्या टोकाला आठ घरांत मिळून दोन संडास. आप्पा, म्हणजे माझे वडील, पेठेत हमाल. खांद्याला कायम लोखंडी हूक अडकवलेला. आई त्याच पेठेत एका शेठच्या गुदामात हळद निवडायला जायची. सकाळी पाचला ती उठायची ती देवासाठी नाही, संडासची रांग लागायच्या आत जाऊन यावं म्हणून. मग भाकऱ्या. तव्यावर पाण्याचा हात फिरला की चर्र आवाज व्हायचा आणि त्या आवाजानं मला जाग यायची. डब्यात भाकरी, लसणाची चटणी, नाहीतर कोरडा झुणका. आमटी तिनं कधी डब्यात नेली नाही. शेजारच्या काकू ताक देऊ करायच्या, तेही नको म्हणायची. घराबाहेर पडताना घोटभर पाणी, जेमतेम घसा ओला होण्यापुरतं. मग संध्याकाळी सातला घरी आली की चप्पल काढायच्या आधी तांब्या तोंडाला लावायची, आणि उभ्यानं, डोळे मिटून, सगळा रिकामा करायची. गळ्याची घाटी वरखाली होताना मी बघत बसायची. लहानपणी मला वाटायचं, मोठ्या बायका पाणी असंच पितात, दिवसाचं सगळं एका दमात.

गुदामात मी सुट्टीला जायची. आत पॉलिशचा ड्रम फिरायचा, त्यात हळकुंडं एकमेकांवर आपटून असा काही गडगडाट व्हायचा की बायका हातांनी बोलायच्या. ड्रम थांबला की कानात शीळ वाजत राहायची, आणि मग हसीनाभाभीचा आवाज यायचा. हसीनाभाभी आईच्या शेजारी बसायची, दोघींची सुपं एकमेकींना लागलेली. लांब हळकुंडं एकीकडं, गड्डे एकीकडं, कणी तिसरीकडं, बोटं आपोआप चालायची. हवेत पिवळी धूळ. शिंकलं तर रुमाल पिवळा, थुंकलं तर थुंकी पिवळी. भाभी म्हणायची, "आमचं लगीन रोजच हाय बघ पोरी, रोज हळद लागती, नवरा तेवडा एकच." सगळ्या खिदळायच्या. एक गोष्ट मात्र त्या बायकांची पक्की होती. हसायचं जपून. जास्त हसून पोटाला हिसका बसला की एखादी म्हणायची, "बास कर गं बया, आता सांडंल." आणि सगळ्या पुन्हा हसायच्या, आणि मांड्या आवळून बसायच्या. मीही हसायची. कशाला हसतो आहोत हे मला कळत नव्हतं.

गुदामाच्या दारात पाणपोई होती. शेठनं आपल्या आईच्या स्मरणार्थ बांधलेली, संगमरवराच्या पाटीवर तिचं नाव कोरलेलं. दोन मोठे रांजण, वरून ओलं तरट, पितळी ओगराळं साखळीनं बांधलेलं. येणारेजाणारे शेतकरी, ड्रायव्हर, हमाल, सगळे तिथं पाणी प्यायचे आणि शेठला दुवा द्यायचे. बायकांना तर हाताच्या अंतरावर. जेवणाच्या सुट्टीत आई तिथं जायची, ओंजळ भरून पाणी तोंडात घ्यायची, गालांत फिरवायची, आणि थुंकून टाकायची. भाभीही तसंच. सगळ्याच. उन्हाळ्यात, पत्रा तापून डोकं भणभणत असताना, समोर रांजण भरलेला, आणि वीस-बावीस बायका चुळा भरून टाकतायत. दुपारी शेठकडून सगळ्यांना चहा यायचा. बायका आपापले कप हमालांच्या पुढं सरकवायच्या. हमाल म्हणायचे, ह्या बाया म्हणजे देवमाणसं. आप्पा घरी येऊन कौतुकानं सांगायचे, "तुमा बायकांचं पोट उंटाचं हाय." त्यांनी स्वतः दिवसभरात यार्डातल्या कुठल्या भिंती सोडल्या असतील असं मला वाटत नाही.

आता एक गोष्ट सांगते, जी मी तेव्हा बघितली आणि जिचा अर्थ मला फार उशिरा लागला. आईचं माहेर कोयनानगरच्या वरच्या अंगाला, घाटातली वाडी. वर्षातून एकदा, दिवाळी झाली की आम्ही एसटीनं जायचो. गाडी घाट चढायला लागली की मला मळमळायचं आणि आईचा चेहरा सैल व्हायचा. वाडीत पोचलं की ती आधी झऱ्यावर जायची आणि ओंजळीनं पाणी प्यायची. मग घरी आल्यावर परत. जेवताना परत. दुपारी अंगणात बसली की तांब्या शेजारी. चार घोट प्यायची, बोलायची, परत चार घोट. आजोळी माझी आई दिवसभर पाणी प्यायची. तिथं कुठं संडास होता असंही नाही, पण रान होतं, झाडी होती, बायकांची वाट वेगळी आणि पुरुषांची वेगळी, आणि ती वाट कुणी ओलांडत नसे. आठ दिवस ती प्यायची आणि सांगलीच्या स्टँडवर उतरली की बंद. तीच बाई, तोच घसा. माझ्या डोळ्यांसमोर हे दर वर्षी घडत होतं. मी पाठांतरात हुशार होते, बघण्यात नव्हते.

कॉलेजात गेले आणि एनएसएसमध्ये नाव घातलं. पांढरा सलवार-कमीज, छातीवर बिल्ला. आई तो बिल्ला पदरानं पुसून द्यायची. दुसऱ्या वर्षी आमच्या सरांनी सांगितलं की मार्केटच्या आवारात कष्टकरी महिलांसाठी आरोग्य शिबिर आहे, मुलींनी नोंदणीला बसायचं. मी हौसेनं हात वर केला. मांडव घातला होता, मागं मोठा फलक, त्यावर एक गोरी बाई हातात काचेचा ग्लास घेऊन हसते आहे, आणि खाली लिहिलेलं, भरपूर पाणी प्या, मुतखडा टाळा. डॉक्टर तरुण होते. वाईट माणूस नव्हते, हे मला आज कबूल करावं लागतं आणि त्याचाच मला जास्त राग येतो. घामाघूम होऊन ते शंभर बायका तपासत होते आणि मी शेजारी वही घेऊन. नाव, वय, तक्रार, कारण, सल्ला, असे रकाने मी स्वतः पट्टीनं आखले होते.

आईचा नंबर आला. तिनं मला ओळख दाखवली नाही. मोठ्या माणसांत बसलेल्या पोरीला आपल्यामुळं कमीपणा येऊ नये म्हणून. खाली बघून, जवळजवळ पुटपुटत, तिनं सांगितलं की कंबर धरते, लघवीला जळजळतं, मधून ताप येतो. डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती पिता. ती म्हणाली, पिते की. किती? सकाळी घोटभर, मग घरी गेल्यावर. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं बोलले.

"समोर रांजण भरलेत, फुकटचं गार पाणी, आणि ह्या दिवसभर पीत नाहीत. अहो, जनावरालासुद्धा तहान लागली की पाणी प्यायचं कळतं. तुम्हाला एवढंही कळत नाही?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आईही हसली. मग डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, कारणात लिहा, अज्ञान. मी लिहिलं. आईच्या नावासमोर, शिरोरेघ सरळ काढून. त्यांनी 'किती' विचारलं होतं. 'का' हे एक अक्षर त्यांच्या तोंडात आलं नाही, आणि मी तर तिच्या पोटची, मलाही ते सुचलं नाही. आणि आई तरी काय सांगणार होती? आजूबाजूला शेठ, त्याचे दिवाणजी, आमचे सर, हमाल. त्या सगळ्यांपुढं बाईनं सांगायचं की मला लघवीला जायला जागा नाही?

शिबिर संपल्यावर डॉक्टर शेठच्या ऑफिसात चहाला गेले. थोड्या वेळानं मी सह्या घ्यायला गेले तर दिवाणजी कपाटाच्या खिळ्यावरची चावी काढत होते. डॉक्टरांना हात धुवायचे होते, असं ते अदबीनं म्हणाले, आणि स्वतः पुढं होऊन त्यांना ऑफिसच्या मागच्या बोळात घेऊन गेले. बोळाच्या टोकाला सिमेंटची छोटी इमारत, दोन दारं. ते मी बघितलं. बघून सह्या घेतल्या आणि घरी आले.

त्या रात्री जेवताना मी आईला झाडलं. सगळ्यांसमोर मला मान खाली घालायला लावलीस म्हटलं. ती भाकरी मोडत राहिली. दुसऱ्या दिवशी मी लिटरची बाटली आणली, तिच्यावर पेनानं तीन खुणा केल्या. अकरापर्यंत इथवर, एकपर्यंत इथवर, चारपर्यंत सगळी. माझी शपथ घातली. आई बाटलीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बरं बाई. तू शिकल्याली हाईस." ह्या वाक्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. नव्हता. तिचा खरोखर विश्वास होता की पुस्तकात काहीतरी तोड असेल, पोरगी म्हणते आहे म्हणजे जमेल.

पहिले दोन दिवस तिनं कसे काढले ते मला भाभीनं नंतर सांगितलं. दोन वाजल्यापासून ओठ चावत बसायची. बायकांची जायची वेळ अंधार पडताना, काम सुटल्यावर, सगळ्या मिळून यार्डामागच्या नाल्याकडं. एकीनं जायचं, चौघींनी उभं राहायचं. दिवसाउजेडी जायला जागाच नव्हती, चारी बाजूंनी ट्रक, वजनकाटे आणि माणसं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिला थांबवेना. ती आणि भाभी गुदामाच्या मागं गेल्या. दोन ट्रक शेजारी शेजारी उभे होते, त्यांच्या मधल्या फटीत आई बसली आणि भाभी पदर पसरून तोंडाशी उभी राहिली. एक बाजू तिनं राखली. दुसऱ्या बाजूनं वॉचमन आला.

वॉचमननं आरडाओरडा केला, ड्रायव्हर जमले, कुणीतरी शिट्टी मारली. दिवाणजी आले. आवाज न चढवता बोलणारा माणूस. आईला म्हणाले, बाई, इथं माल असतो, ही लक्ष्मीची जागा आहे, तुम्ही घरी देव्हाऱ्याच्या मागं बसता का? मग त्यांनी सांगितलं की जागा धुऊन काढा. आईनं बादली घेतली. पाणपोईच्या रांजणातून पाणी काढलं आणि ज्या पाण्याचा एक घोट गिळायचं भय तिला वाटत होतं ते बादल्या बादल्या भरून सगळ्या पेठेदेखत त्या फटीत ओतलं. तीन खेपा. ड्रम बंद केला होता, त्यामुळं बादलीच्या कडीचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. आप्पा तिथंच होते. पाठीवर पोतं होतं. त्यांनी पोतं खाली ठेवलं नाही, थांबले नाहीत, फळीवरून ट्रकात चढून गेले.

घरी मला कुणी काही सांगितलं नाही. आईनं बाटली धुऊन फळीवर उपडी घातली. आप्पा जेवले नाहीत. झोपताना एवढंच म्हणाले की कॉलेजातलं श्यानपन घरात आनू नगंस. मला राग आला. मला वाटलं, अडाणी माणसं, ह्यांचं काही होणार नाही. दुसऱ्या दिवसापासून आईनं सकाळचा तो घोटही सोडला. पाचव्या दिवशी तिला थंडी वाजून ताप भरला, पाठीतून कळा यायला लागल्या, लघवीतून रक्त गेलं. मोठ्या दवाखान्यात नेलं. फोटो काढले, दोन्ही बाजूंना खडे, आणि आत पू झालेला. तिथल्या डॉक्टरीणबाई फाइल चाळत म्हणाल्या की हे पाचसहा दिवसांचं नाही, ह्यांनी कितीतरी वर्षं लघवी दाबून ठेवलेली आहे.

भाभी भेटायला आली ती सफरचंदं घेऊन. आईला झोप लागली होती. मी भाभीला तक्रारीच्या सुरात म्हटलं, बघा ना, एवढी बाटली आणून दिली, शपथ घातली, तरी प्यायली नाही. भाभीनं माझ्याकडं असं बघितलं की मला आजही ती नजर सोसत नाही. तिनं मला वऱ्हांड्यात ओढून नेलं आणि तीन दिवसांची सगळी हकीकत सांगितली, फट, वॉचमन, बादल्या, आप्पांचं पोतं. मग म्हणाली,

"तुला कळंना व्हय गं पोरी? बाटली दिलीस. मुतायची जागा कुटं दिलीस?"

एवढी वर्षं मी त्या गुदामात जात होते, सुट्टीचे अख्खे दिवस तिथं काढत होते, आणि मी स्वतःसुद्धा तिथं कधी पाणी पीत नव्हते. कुणी शिकवलं नव्हतं. बायकांमध्ये बसून आपोआप शिकले होते. कॉलेजातही मी पीत नव्हते. आणि वहीत लिहिताना मला तो आजार आईचा वाटला, माझा नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला न जाता थेट शेठच्या ऑफिसात गेले. शेठ परगावी होते. गादीवर दिवाणजी, समोर चार-पाच व्यापारी लोडाला टेकून. मी उभ्यानंच म्हटलं, संडासची चावी द्या. एक व्यापारी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं बघायला लागला. दिवाणजींनी विचारलं, कुणाला हवी? मी म्हटलं, आज मला, उद्यापासून निवडायला बसणाऱ्या सगळ्या बायकांना.

"हळू बोला, पाहुणे बसलेत," ते म्हणाले. आणि मग अगदी सरळ मनानं, मला समजावून सांगावं तसं, "अहो, इतकी वर्षं मी इथं आहे. आजवर एका बाईनं चावी मागितलेली नाही. त्यांना लागतच नाही. मागितली असती तर दिली नसती का?"

ह्या वाक्यावर मी आयुष्यभर चिडत आले आहे. कारण ते खरं होतं. एकाही बाईनं मागितली नव्हती. गादीवरच्या परक्या पुरुषापुढं जाऊन चावी मागायची म्हणजे मला आत्ता काय करायचं आहे ते सगळ्या पेठेला सांगायचं. माझ्या आईनं ते करण्यापेक्षा मूत्रपिंडात दगड वाढवले. आणि हा माणूस इतकी वर्षं त्या खिळ्याखाली बसून समजत होता की बायकांना लागत नाही. त्याच्या बायकोला लागतं की नाही, हे मी विचारणार होते. जीभ आवरली. आज वाटतं, विचारायला हवं होतं.

चावी मी हातातून घेतली नाही, खिळ्यावरून काढली. बोळाच्या टोकाच्या दोन दारांपैकी एकावर पुरुष लिहिलं होतं, दुसऱ्यावर स्त्रिया. रंग ताजाच दिसत होता, कारण त्या दाराला हात कुणाचा लागलाच नव्हता. मी कुलूप काढलं आणि दार ढकललं. ते आत जाईना. जोर लावला तर एवढीशी फट झाली आणि आतून तरटाचा वास आला. छतापर्यंत रिकाम्या पोत्यांचे गठ्ठे. बांधताना नियमाप्रमाणं बांधलं होतं, कुणी तपासायला आलं तर दारावर अक्षरंही होती. आत बारदान होतं.

मी फटीतून हात घालून एक गठ्ठा ओढला. तो निघेना. परत ओढला. मागं चपलांचा आवाज झाला आणि हसीनाभाभी आली, पदर खोचत. तिच्या मागं आणखी चौघी-पाचजणी. आम्ही ओढायला लागलो, बोळात पोती पसरायला लागली. दिवाणजी बोळाच्या तोंडाशी उभे राहून म्हणत होते की शेठना येऊ द्या, असं परस्पर करू नका. हमालही जमले. त्यात आप्पा होते. माझ्याकडं बघितलं नाही. बायकांकडं बघून वैतागून म्हणाले, "आवं, असं वडू नगा, फाटंल समदं. व्हा बाजूला." आणि खांद्यावरचा हूक काढून त्यांनी गठ्ठ्यात मारला. ते आमच्या बाजूनं आले की माल फाटू नये म्हणून आले, हे मी त्यांना मरेपर्यंत विचारलं नाही. ते चांगले अकरा-बारा गठ्ठे होते. सगळे त्यांनीच बाहेर नेले.

इथं गोष्ट संपवली असती तर ती ऐकायला बरी वाटली असती. शाळेतल्या भाषणात मी ती तिथंच संपवायची, टाळ्याही मिळायच्या. पण पुढचं असं झालं की त्या हंगामात चावी बायकांच्या सुपांजवळ एका खिळ्याला राहिली, भाभी म्हणते की पहिल्या आठवड्यात बायका त्या दारापुढं रांग लावून हसत होत्या, आणि हंगाम संपला. पुढच्या वर्षी मुकादमानं आई आणि भाभीला सांगितलं की बायका पुऱ्या झाल्या. बाकीच्या जणी म्हणाल्या की दारावर परत कुलूप आहे. आई दुसऱ्या गुदामात लागली. तिथं कुलूप लावायलाही काही नव्हतं. आणि माझ्या आईनं, खडे काढलेल्या, पोटाला नळी लावून आलेल्या माझ्या आईनं, परत पाणी सोडलं. मी शपथ घातली नाही. काय तोंडानं घालणार होते?

मी शिक्षिका झाले. साताऱ्याकडं, मग परत सांगलीकडं बदल्या झाल्या. प्रत्येक नव्या शाळेत मी आधी मुलींचा संडास बघते, मग वर्ग. दार लागतं का, कडी आतून आहे का, पाणी आहे का. सहकारी हसतात. सातवी-आठवीच्या मुली गळ्यात रंगीत बाटल्या अडकवून येतात आणि संध्याकाळी तशाच भरलेल्या घरी नेतात, हे मी दर वर्षी बघते. शाळेत आरोग्याच्या गोष्टी सांगायला माणसं येतात. गोष्टी सगळ्या खऱ्या असतात. पाणी प्या, पालेभाजी खा, वेळेवर जेवा, वेळेवर तपासून घ्या. ऐकणाऱ्या बाईचा दिवस कुणाच्या हातात आहे हे मात्र कुणी विचारत नाही. तिनं नाही ऐकलं की मग तिची सवय वाईट, तिचं डोकं रिकामं. मला वाटतं, ज्यांच्या घरात आतून कडी लागणारा संडास आहे त्यांनी दुसऱ्याच्या सवयींबद्दल बोलताना जरा दम धरावा. मीही त्यांतच आले. मीही धरला नव्हता.

गेल्या वर्षी आईची दोन्ही मूत्रपिंडं गेली. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मी रजा काढून नेते. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मूत्रपिंड चालेना झालं की पाणी अंगात साठतं, फुप्फुसात शिरतं, म्हणून पेशंटला मोजूनच पाणी द्यायचं. आता माझ्या घरात दोन संडास आहेत, एक तर तिच्या खोलीला लागून, खास तिच्यासाठी बांधलेला. चार पावलं टाकली की ती पोचते. नळाला चोवीस तास पाणी आहे. आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं आहे की दिवसाला दोन-तीन कपांच्या वर पाणी नको.

परवा डायलिसिस विभागातली आहार सांगणारी मुलगी आली. गोड मुलगी, कोवळी. अंगात पाणी किती साठलं ते कळायला तिनं वजन बघितलं, तक्ता बघितला आणि तिला फार कौतुक वाटलं. म्हणाली, बाकीचे पेशंट तहानेनं वेडे होतात, चोरून पितात, बर्फ चोखतात, भांडतात. "आजी, तुमचं वजन वाढतच नाही. तुम्हाला कसं काय जमतं?" शेजारच्या तीन खाटांवरच्या बाया माना वळवून ऐकायला लागल्या. त्यांतली एक तर तहानेनं अगदी रडकुंडीला आली होती.

आईला बरं वाटलं. मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं ते. उशीला टेकून ती जरा वर सरकली, सुईचा हात सांभाळला आणि त्या बाईला नीट समजावून सांगायला लागली. घोट गिळायचा न्हाई, गालात फिरवायचा. पातळ काय खायचं न्हाई. ऊन लागलं तर बोलायचं कमी. हसायचं बी जपून. पयले चार दीस लय जड जातंय, मग अंगवळणी पडतंय. त्या तिघी जणी मन लावून ऐकत होत्या. आहारवाली मुलगी मान डोलवत होती, मधेच म्हणाली, बघा, आजींना किती समज आहे.

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. सगळं सांगावं असं ओठांवर आलं होतं, त्या मुलीला, त्या बायांना, सगळ्या मजल्याला. पण उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या आईच्या न पिण्याला समज म्हटलं होतं, आणि ती खुलली होती. मी दात आवळून गप्प राहिले आणि तिला बोलू दिलं.